शाल, श्रीफळ की रस्त्याची पाटी? परदेशात आपल्या लोकांसाठी राबलेल्यांचा सन्मान

खाडीपलीकडची (धागाकर्ती)

इथे अमेरिकेतल्या आमच्या महाराष्ट्र मंडळाची सत्कार समिती यंदा माझ्या गळ्यात पडली आहे. दिवाळीच्या कार्यक्रमात 'समाजासाठी झटणाऱ्या स्थानिक व्यक्तीचा' सत्कार करायचा, असा ठराव झालाय. पहिल्या बैठकीत नावं आली ती अशी: एक मोठे देणगीदार, त्या देणगीदारांचे मेहुणे आणि मुंबईहून येणारे एक अभिनेते. अभिनेते स्थानिक कसे, असं विचारलं तर उत्तर मिळालं, "त्या आठवड्यात ते इथेच असणार आहेत ना!"

तेव्हापासून डोक्यात एक विषय घोळतोय, तो इथे मांडते.

कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या डाउनटाउनमध्ये शॅटक अव्हेन्यूचे दोन फाटे होतात. सेंटर स्ट्रीट ते युनिव्हर्सिटी अव्हेन्यू या भागातल्या पूर्वेकडच्या फाट्याचं नाव आता 'कला बगाई वे' आहे. नगर परिषदेने २०२० साली तसा ठराव केला. पाटी दिसते सगळ्यांना, पण कला बगाई कोण हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं.

कला आणि वैष्णोदास बगाई १९१५ साली तीन लहान मुलांना घेऊन पेशावरहून सॅन फ्रान्सिस्कोला आले. वैष्णोदास गदर चळवळीतले, म्हणजे परदेशात राहून ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्यांपैकी. पैसा गाठीशी होता, पोटासाठी आलेले नव्हते. त्यांनी बर्कलीत घर घेतलं. सामान ट्रकवर लादून तिथे पोचले, तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप घालून ठेवलेलं. मुलांना इथे त्रास होईल म्हणून कलाबाईंनीच तिथे राहायला नकार दिला. पुढे वैष्णोदास यांनी सॅन फ्रान्सिस्कोत दुकान काढलं आणि १९२१ साली त्यांना नागरिकत्वही मिळालं. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही असा निकाल दिला, आणि आधी दिलेली नागरिकत्वं काढून घ्यायला सुरुवात झाली. बगाईंचंही गेलं. परक्यांना जमीन धारण करू न देणारा कॅलिफोर्नियाचा कायदा होताच, त्यात मालमत्ता गेली. भारतात जाऊन यायला अमेरिकेचा पासपोर्ट मिळेना आणि ज्या ब्रिटिशांशी भांडून घर सोडलं त्यांचा पासपोर्ट घ्यायला मन होईना. १९२८ साली त्यांनी जीव दिला. मागे ठेवलेलं पत्र वर्तमानपत्रात छापून आलं.

पण पाटी त्यांच्या नावाची नाही, कलाबाईंच्या नावाची आहे, आणि मला ते फार आवडतं. भाषा नवी, नवरा गेलेला, पदरात तीन मुलं. मुलांना कॉलेजपर्यंत शिकवलं, पुढे दुसरं लग्न केलं, दक्षिण कॅलिफोर्नियात गेल्या आणि तिथे पुढची कित्येक दशकं नव्याने येणाऱ्या भारतीयांसाठी घर उघडं ठेवलं. कार्यक्रम उभे केले, माणसं जोडली. १९८३ साली वारल्या. कुठल्याही निवडणुकीला उभ्या न राहिलेल्या या बाईंना मी पुढारी म्हणते.

आता दुसरं नाव. सखाराम गणेश पंडित. लॉस एंजेलिसचे वकील. थिंद यांच्या बाजूने लढलेल्या वकिलांत होते. तो खटला हरले, मग सरकार त्यांच्याच मागे लागलं, आणि तेव्हा मात्र ते जिंकले. त्या विजयामुळे नागरिकत्व काढून घेण्याचं सत्र थांबलं. यांच्या नावाची पाटी, दिवस, काहीच माझ्या पाहण्यात नाही. इतकी वर्षं मंडळात आहे, एकदाही हे नाव ऐकलं नव्हतं.

इथे राहून, इथल्या लोकांसाठी, इथल्या व्यवस्थेशी भांडलेल्यांचा सन्मान व्हावा असं मला वाटतं. पाहुण्यांचा पाहुणचार करू, त्याला सत्कार म्हणू नये. तुमच्या गावी असं कोण आहे? आणि सन्मान करायचा तर कसा?

---

बोरीबंदर

देणगीदाराचे मेहुणे! खिक्. आमच्याकडे तर देणगीदारांनी स्वतःच सत्कार समितीत असण्याची प्रथा आहे, त्यामुळे मधले दलाल वाचतात.

बाकी लेख आवडला. वाचनखूण साठवली.

---

केळफूल

थोडा विरोधी सूर लावते. कला बगाई बर्कलीत एक दिवसही राहिल्या नाहीत, हे तुम्हीच लिहिलंय. मग बर्कलीच्या रस्त्याला त्यांचं नाव 'स्थानिक' म्हणून कसं? तुमच्या अभिनेत्यांपेक्षा त्यांचा मुक्काम कमीच भरला की!

---

खाडीपलीकडची

केळफूल, हा आक्षेप खराच घ्यायला हवा. पण त्या राहिल्या नाहीत याला कारण गावच आहे. ज्या गावाने कुलूप घातलं त्याच गावाने शंभरेक वर्षांनी मधोमध पाटी लावली, म्हणून तर तिला अर्थ आहे. आणि ते आपोआप झालेलं नाही. तिथे दक्षिण आशियाई चळवळींच्या इतिहासाची एक पायी फेरी २०१२ पासून चालते. गल्लीबोळातून लोकांना हिंडवून हे सगळं सांगतात. रस्त्याला नाव शोधायची वेळ आली तेव्हा गोष्ट आधीच शेकडो लोकांच्या कानावर गेलेली होती.

---

दप्तरी

वकिलीशी संबंध आहे म्हणून पंडितांच्या खटल्याबद्दल जरा सविस्तर. हे प्रकरण खरंच सुंदर आहे.

पंडित १९०६ च्या सुमारास अमेरिकेत आले. आधी तत्त्वज्ञानावर व्याख्यानं देत, मग कायदा शिकले. १९१४ साली कोर्टाने त्यांना नागरिकत्व दिलं. सरकारने त्यावर अपील केलं नाही. थिंद निकालानंतर निदान पन्नास भारतीयांची नागरिकत्वं रद्द झाली. त्यात ए. के. मजुमदार होते, बगाई होते. सरकारचं म्हणणं असं की कायद्यानुसार हे लोक पात्रच नव्हते, म्हणजे मूळ नागरिकत्व बेकायदेशीर मार्गाने मिळवलेलं आहे.

पंडितांनी 'मी गोरा आहे' हा वाद पुन्हा घातलाच नाही. तो दरवाजा १९२३ मध्येच बंद झाला होता. त्यांनी म्हटलं की ज्या प्रश्नावर कोर्टाने १९१४ साली निकाल दिला आणि जो तुम्ही तेव्हा मुकाट्याने मान्य केला, तोच प्रश्न आता नव्याने उकरता येणार नाही. शिवाय त्या निकालावर विसंबून मी आयुष्य उभं केलं. वकिलीची सनद घेतली, घर घेतलं, एका अमेरिकन स्त्रीशी लग्न केलं. नागरिकत्व गेलं तर सनद जाईल. आणि १९२२ च्या केबल कायद्याने, नागरिक होण्यास अपात्र परक्याची बायको म्हणून तिचंही नागरिकत्व जाईल.

खालच्या कोर्टाने ते मानलं. १९२६ साली नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या, अपील न्यायालयाने मानलं. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील ऐकायला नकार दिला. त्यानंतर सरकारने उरलेली प्रकरणं सोडून दिली.

हरलेल्या खटल्यातून उठून, स्वतःच आरोपीच्या जागी बसून, सगळ्यांसाठी वाट काढणं. आमच्या धंद्यात याहून मोठं काम क्वचित दिसतं. वैष्णोदास बगाईंचं नागरिकत्व मात्र आधीच गेलं होतं आणि पंडितांच्या विजयानंतरचं वर्ष त्यांचं शेवटचं ठरलं.

---

सह्यकडा

सखाराम गणेश पंडित! नाव वाचूनच ऊर भरून आला. एका मराठी माणसाने अमेरिकन सरकारला वाकवलं. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या (इथल्या सगळ्या मराठी मंडळांच्या संघटनेच्या) पुढच्या अधिवेशनात यांच्या नावाने पुरस्कार सुरू करा. माझे शंभर डॉलर आत्ताच धरा.

---

निळी_पाऊलवाट

शंभर डॉलर जरा खिशातच राहू देत.

थिंद यांच्या बाजूने कोर्टात काय मांडलं गेलं ते कुणी वाचलंय का? मुद्दा असा होता की उच्चवर्णीय हिंदू हा शुद्ध आर्य, त्याने जातीबाहेर लग्न न करून रक्त राखलेलं. आणि पुढे असंही की उच्चवर्णीय हिंदू भारतातल्या आदिवासींकडे लग्नाच्या दृष्टीने तसंच बघतो जसा अमेरिकन गोरा काळ्या माणसाकडे बघतो. म्हणजे आमचीही अस्पृश्यता तुमच्यासारखीच पक्की आहे, तेव्हा आम्हाला तुमच्यात घ्या!

आता तारखा बघा. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचविशीतले भीमराव आंबेडकर जातीच्या उगमावर निबंध वाचतात आणि सांगतात की जातीबाहेर लग्नाला बंदी हाच जातीचा गाभा आहे. सात वर्षांनी त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयात तीच बंदी पात्रतेचा दाखला म्हणून पुढे केली जाते. आणि 'सखाराम गणेश' वाचून आपला ऊर भरून येतो. थिंद शीख, पेशावरचे बगाई, बंगालचे मजुमदार, या सगळ्यांसाठी लढलेल्या माणसाला आधी मराठी करून घ्यायचं आणि मग मोठं म्हणायचं, हेही मला खटकतं.

सत्कार करू नका असं मी म्हणत नाहीये. सगळं सांगून करा, एवढंच.

---

सह्यकडा

झालं, आली जात. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या चष्म्यातून का बघायचं? कायद्यात 'गोरा' हाच शब्द होता. वकिलाला अशिलासाठी जे हत्यार हाताशी आहे ते चालवावं लागतं.

---

दप्तरी

सह्यकडा, वकील म्हणून तुमचं अर्धं पटतं. १८७० नंतर नागरिकत्वाचा कायदा गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना वाट देत होता, मधल्यांना नाही. त्यामुळे जवळपास प्रत्येक आशियाई अर्जदार 'मी गोरा' असं म्हणतच कोर्टात गेला. जपानहून आलेले ताकाओ ओझावा १९२२ साली तेच म्हणाले आणि हरले. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा १९१० मध्ये तेच म्हणाले आणि जिंकले.

पण आजचा चष्मा कशाला, तो निबंध १९१६ चाच आहे. त्या काळातही दुसरं बोलणारे होते. निळी_पाऊलवाट यांचा मुद्दा म्हणूनच टिकतो.

मला तर वाटतं की पंडितांची १९२३ ची बाजू आणि १९२६ ची बाजू शेजारी शेजारी ठेवावी. पहिल्यात ते 'आम्ही तुमच्यासारखे' म्हणतात आणि हरतात. दुसऱ्यात वंशाबद्दल अवाक्षर नाही, 'दिलेला शब्द पाळा' एवढंच आहे, आणि जिंकतात.

---

युनियन_सिटीची_आई

माझी मुलगी इथल्या इटलियाँग–व्हेरा क्रूझ मिडल स्कूलमध्ये जाते. शाळेचं आधीचं नाव वेगळं होतं. लॅरी इटलियाँग आणि फिलिप व्हेरा क्रूझ हे दोघे फिलिपिनो शेतमजुरांचे पुढारी. ८ सप्टेंबर १९६५ रोजी कॅलिफोर्नियातल्या डेलानोच्या द्राक्षबागांत संप सुरू केला तो फिलिपिनो मजुरांनी. सीझर चावेझ यांची मेक्सिकन मजुरांची संघटना आठवड्याभराने सामील झाली. पण जगाला नाव माहीत चावेझ यांचं! इटलियाँगना 'सात बोटांचा' म्हणत, कारण तीन बोटं कामावरच्या अपघातात गेली होती.

यात शिकण्यासारखं हे की फिलिपिनो लोकांनी 'आमच्या माणसाला विसरलात' असं नुसतं म्हणत न बसता पुढचं केलं. २०१३ साली राज्याचा कायदा झाला की शेतमजूर चळवळीतला फिलिपिनो वाटा शाळेत शिकवायचा. २०१५ मध्ये इटलियाँग यांचा जन्मदिवस, २५ ऑक्टोबर, राज्याचा दिवस म्हणून ठरला. शाळेचं नावही त्याच लाटेत बदललं. आणि हे सगळं व्हायच्या खूप आधी, १९७४ साली, म्हाताऱ्या एकट्या मजुरांसाठी डेलानोत अगबयानी व्हिलेज ही वस्ती बांधली गेली. त्यांची लग्नंच झाली नव्हती, कारण फिलिपिनो बायका फारशा येऊच दिल्या नव्हत्या आणि गोऱ्या बाईशी लग्न कायद्याने बंद. म्हातारपणी कुणी विचारणारं नाही. त्यांना छप्पर मिळालं, हा मला सगळ्यात मोठा सत्कार वाटतो.

मुलीने शाळेतून येऊन मला विचारलं, "आई, आपल्यातलं कोण?" मी दलीपसिंग सौंद सांगितलं. १९५६ साली अमेरिकन संसदेत निवडून गेलेले पहिले आशियाई. बर्कलीतून गणितात डॉक्टरेट, तरी नोकरी नाही, म्हणून इम्पीरियल व्हॅलीत शेती. भारतीयांना नागरिकत्व खुलं करणाऱ्या १९४६ च्या कायद्यासाठी झटले, मग स्वतः नागरिक झाले, मग निवडणूक. टेमेक्युलाच्या पोस्ट ऑफिसला त्यांचं नाव आहे.

---

आडोसा

वाचनमात्र असते, आज लिहितेय.

मी दक्षिण आशियाई बायकांसाठीच्या एका हेल्पलाइनवर स्वयंसेवक आहे. या देशात असं काम १९८५ साली न्यू जर्सीत 'मानवी'ने सुरू केलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, बे एरियात, 'मैत्री' १९९१ पासून, 'नारिका' १९९२ पासून. सुरुवातीला या बायकांना आपल्याच मंडळांच्या कार्यक्रमात टेबल लावू देत नसत. "आपल्यात असलं काही होत नाही" हे वाक्य तेव्हाच्या प्रत्येकीने ऐकलेलं आहे.

रात्री फोन येतो. बाई एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधाराने इथे आलेली, स्वतःचं बँक खातं नाही, पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात. तिला आधी हे सांगावं लागतं की नवऱ्याने धमकी दिली म्हणून लगेच कुणी तुला विमानात बसवून परत पाठवत नाही. मग दुभाषा, निवारा, वकील, मुलांची शाळा. हे वर्षानुवर्षं करणाऱ्या बायका मला माहीत आहेत. त्यांना स्टेजवर बोलवाल तर त्या येणार नाहीत. फोटो छापलात तर उद्या कुणाचा तरी नवरा त्यांच्या दारात उभा राहील.

तेव्हा सत्कार समितीला विनंती की नाव न घेता करता येईल असं काहीतरी शोधा. आमच्याकडे मराठी बोलणाऱ्या दुभाष्यांची कायम चणचण असते. मंडळाने चार बायकांना प्रशिक्षणाला पाठवलं तरी आमचा सत्कार पोचला.

---

बोरीबंदर

आडोसाताई, __/\__

माझा वरचा विनोद मागे घेत नाही, पण दुभाष्याचं प्रशिक्षण पुरुषांना चालतं का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

---

आडोसा

फोनवर नाही, पण कोर्टाची कागदपत्रं भाषांतरित करायला चालतं. करा व्यनि.

---

सात_नंबर_ट्रेन

न्यूयॉर्कच्या क्वीन्सहून. आमच्याकडचं नाव म्हणजे भैरवी देसाई. न्यूयॉर्क टॅक्सी वर्कर्स अलायन्स या टॅक्सीचालकांच्या संघटनेच्या पुढारी, १९९८ पासून. इथले टॅक्सीवाले बहुतेक बांगलादेशी, पाकिस्तानी, पंजाबी, नेपाळी, शिवाय आफ्रिका आणि हैतीचे. टॅक्सीच्या परवान्याला मेडॅलियन म्हणतात. त्याची किंमत एकेकाळी दहा लाख डॉलरवर गेलेली, लोकांनी कर्ज काढून घेतले, मग ॲपवाल्या गाड्या आल्या आणि भाव कोसळला. २०१८ साली कर्जापायी काही चालकांनी आत्महत्या केल्या. २०२१ मध्ये सिटी हॉलबाहेर उपोषण झालं, पंधरा दिवस चाललं, आणि शहराने कर्जाला हमी देऊन हप्ते उतरवले. उपोषणाला बसलेल्यांत देसाई होत्याच. मागे मी रात्री टॅक्सीने येताना चालकाला विषय काढला तर त्याने पूर्ण रस्ताभर हप्त्याचा हिशोब सांगितला. बाईंचं नाव तो 'भैरवी आपा' असं घेत होता.

रस्त्याच्या पाटीबद्दल: न्यूयॉर्कात मूळ नाव बदलत नाही, त्याच खांबावर जास्तीची पाटी लागते. आधी त्या भागातल्या रहिवाशांच्या सह्या, मग कम्युनिटी बोर्डापुढे (त्या भागाच्या सल्लागार समितीपुढे) विषय, मग तिथल्या नगरसेवकामार्फत सिटी कौन्सिलचा ठराव. व्यक्ती साधारणपणे हयात नसावी लागते. रिचमंड हिलमध्ये १०१ अव्हेन्यूच्या एका भागाला 'पंजाब अव्हेन्यू' अशी पाटी आहे ती अशीच लागली. सह्या गोळा करायला गुरुद्वाऱ्याची माणसं होती, आपल्याकडे तेवढा चिवटपणा हवा.

---

एडिसनचे_आजोबा

आम्ही सत्तरच्या दशकात आलो. १९६५ चा इमिग्रेशनचा कायदा झाला नसता तर आम्ही कुणी इथे नसतो, आणि तो कायदा आमच्या हुशारीमुळे झाला नाही. काळ्या लोकांच्या चळवळीने हवा बदलली म्हणून झाला. हे आपल्या सत्कारसोहळ्यात कुणी बोलत नाही.

दुसरं. आमच्या गावात एक गृहस्थ होते, नाव लिहीत नाही. कुणाचं आईवडिलांपैकी कुणी इथे भेटीला आलेलं असताना गेलं की पहिला फोन त्यांना. हॉस्पिटल, फ्युनरल होम, मृत्यूचा दाखला, कौन्सुलेटचं ना-हरकत पत्र, पासपोर्ट रद्द करणं, विमान कंपनीचा कार्गो विभाग, सगळं तोंडपाठ. घरच्यांना फक्त रडायचं काम उरे. त्यांनी ही सगळी माहिती हाताने लिहून एका वहीत ठेवली होती. ते गेल्यावर वही कुणाकडे गेली पत्ता नाही, आणि आता प्रत्येक घर पहिल्यापासून सुरुवात करतं. पुतळे-पाट्या राहू द्या. मंडळांनी ती वही पुन्हा लिहावी आणि दर वर्षी ताजी करावी.

---

नवगावकर

अमेरिकेबाहेरचं एक उदाहरण देतो. आमच्या अलिबाग पट्ट्यातून आणि मुंबईतून १९४८ नंतर हजारो बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, इस्रायलला गेले. घरात मराठी, पोहे, मलिद्याचा नैवेद्य. तिथे साठच्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य रब्बींच्या कार्यालयाने फर्मान काढलं की यांची इतर ज्यूंशी लग्नं लावण्यापूर्वी आई-आजीकडची वंशावळ तपासा. म्हणजे दोन हजार वर्षं शनिवार पाळून वर दाखला आणायचा! १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं धरलं, बायकामुलांसकट. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायली सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि फर्मान सौम्य करावं लागलं. या लोकांची आडनावं आमच्याच पट्ट्यातल्या गावांवरून आलेली. किहीमकर, पेणकर, नवगावकर. रायगड जिल्ह्यात त्या धरण्याची एक ओळ कुठे लिहिलेली मी पाहिलेली नाही.

---

सह्यकडा

नवगावकर, हे ठाऊकच नव्हतं. यावर वेगळा धागा काढा.

निळी_पाऊलवाट, तो निबंध वाचला. लग्नाच्या मुद्द्यावर तुमचं म्हणणं खोडता येत नाही. पण पंडितांचं नाव पुरस्काराला द्यावं हे माझं मत कायम आहे. हरल्यावर परत उभं राहिले हे कसं पुसणार?

---

निळी_पाऊलवाट

पुसा कोण म्हणतंय? पुरस्कारापेक्षा मराठी शाळेच्या वरच्या वर्गाला पाठ ठेवा. त्यात १९२३ ची बाजूही येऊ द्या, १९२६ ची पण. इथल्या पंधरा वर्षांच्या मुलांना दोन्ही झेपतं, त्यांच्या आईबापांना झेपत नाही. हवं तर मी लिहून देते. अट एकच, समितीने 'वादग्रस्त' म्हणून परिच्छेद गाळायचा नाही.

---

व्यवस्थापक

सिअॅटलच्या जातविषयक कायद्यावरचे आणि एका आमदाराबद्दलचे काही प्रतिसाद स्वतंत्र धाग्यात हलवले आहेत. इथे विषयाला धरून लिहावे.

---

खाडीपलीकडची

समितीची बैठक झाली. दुभाष्यांच्या प्रशिक्षणाला पैसे मंजूर झाले, आडोसाताई, तुम्हाला कोषाध्यक्ष गाठतील. आजोबांच्या वहीचं काम बोरीबंदर आणि मी घेतोय. कौन्सुलेटचे नियम बदलत असतात, म्हणून ती वेबसाइटवर ठेवू आणि दर जानेवारीत तपासू. पंडितांच्या पाटीवर एकमत झालं नाही. अध्यक्षांचं म्हणणं असं की लॉस एंजेलिसच्या माणसासाठी आपण का धावायचं. केळफूलच्या आक्षेपाचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

पाठाची अट मान्य. निळी_पाऊलवाट, दोन पानांत बसेल का?

---

निळी_पाऊलवाट

तीन. आंबेडकरांचा उतारा मी कापणार नाही.

---

दप्तरी

तीन होऊ द्या. कायद्याचा भाग मी तपासून देतो. आणि पाठात केबल कायद्यावर चार ओळी नक्की घाला. नवऱ्याच्या वंशामुळे बायकोचं नागरिकत्व जात होतं हे वर्गातल्या मुलींना सांगितलं की पुढचा तास त्याच चालवतात, असा माझा अनुभव आहे.